जमिनीखालची वाफ किती काळ पुरते? : वाचकांचे प्रश्न

कोळशाला पर्याय ठरू शकणाऱ्या ऊर्जास्रोतांची ओळख करून देताना मागील अंकात भूऔष्णिक विजेविषयी, म्हणजे जमिनीखालच्या उष्णतेपासून तयार होणाऱ्या विजेविषयी, आम्ही एकच वाक्य लिहिले होते : ‘ही वीज स्वच्छ असते आणि रात्रंदिवस मिळते.’ त्या वाक्यावर बरीच पत्रे आली आणि ती वाचताना जाणवले की ते वाक्य खरे असले तरी अपुरे होते. निवडक प्रश्नांची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न : जमिनीत कोठेही खोल गेले तरी तापमान वाढत जाते, असे आम्ही वर्गात शिकवतो. मग भूऔष्णिक वीज मोजक्याच देशांत का तयार होते? (एक विज्ञानशिक्षिका)

आपण शिकवता ते बरोबरच आहे. पृथ्वीच्या कवचात दर किलोमीटर खोलीमागे तापमान सरासरी २५ ते ३० अंश सेल्सिअसने वाढते. यातील काही उष्णता पृथ्वीच्या जन्मकाळापासून शिल्लक राहिलेली आहे, तर काही युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम यांच्या किरणोत्सारी अणूंच्या ऱ्हासातून आजही निर्माण होत आहे. मात्र खडक तापलेला असणे वेगळे आणि त्यातील उष्णता उपयोगी पडेल इतक्या वेगाने वर आणता येणे वेगळे. खडक हा उष्णतेचा मंद वाहक आहे. त्यामुळे उष्णता वाहून आणायला पाणी लागते आणि पाणी खेळते राहायला खडकात एकमेकींना जोडलेल्या भेगा लागतात. उष्णता, पाणी आणि भेगा या तिन्ही गोष्टी एकाच ठिकाणी, शिवाय वेधनयंत्राच्या, म्हणजे जमिनीत खोल विहीर पाडणाऱ्या यंत्राच्या, आवाक्यातील खोलीवर असाव्या लागतात. त्यावर चिकणमातीच्या खनिजांचा एखादा अपार्य, म्हणजे पाणी झिरपू न देणारा, थर झाकणासारखा बसलेला असेल तर अधिकच चांगले, कारण त्यामुळे आतले गरम पाणी आतच राहते.

असा योग प्रामुख्याने भूपट्टांच्या सीमांवर आणि जेथे कवच ताणून पातळ झाले आहे तेथे जुळून येतो. आइसलंड, इंडोनेशिया, फिलिपिन्स, न्यूझीलंड, केनियातील खचदरी, तुर्कस्तानचा पश्चिम भाग, इटलीतील टस्कनी आणि अमेरिकेचा पश्चिम भाग ही नावे वारंवार ऐकू येतात ती याच कारणाने. तेथे दोन-अडीच किलोमीटर खोलीवर २५० ते ३०० अंश तापमानाचे पाणी सापडू शकते, तर इतरत्र त्याच खोलीवर जेमतेम ७०-८० अंश मिळतात. साऱ्या जगातील भूऔष्णिक केंद्रांची एकत्रित क्षमता आजही सुमारे १६ हजार मेगावॉटच्या आसपास आहे, आणि तीही या थोड्या प्रदेशांतच एकवटलेली आहे. विद्यार्थ्यांना आपण असे सांगू शकाल की उष्णता सर्वत्र आहे, परंतु ती वर आणणारे पाणी आणि त्याची वाट सर्वत्र नाही.

प्रश्न : केंद्रात नेमके काय घडते? वाफ थेट जमिनीतून येते, की पाणी वर आणून उकळावे लागते?

दोन्ही प्रकार आहेत आणि तिसराही आहे. क्वचित काही ठिकाणी जमिनीखालून केवळ वाफच वर येते. इटलीतील लार्देरेल्लो हे अशा ठिकाणांपैकी एक. तेथे १९०४ मध्ये पिएरो जिनोरी कोन्ती यांनी नैसर्गिक वाफेवर एक लहान जनित्र फिरवून पाच दिवे लावून दाखवले आणि १९१३ मध्ये २५० किलोवॉटचे पहिले व्यापारी केंद्र तेथेच उभे राहिले. त्या परिसरात आजही वीज निर्माण होते.

बहुतेक क्षेत्रांत मात्र खाली प्रचंड दाबाखाली असलेले गरम पाणी असते. उदाहरणार्थ, २५० अंशांचे पाणी द्रवरूपात राहायचे तर त्यावर हवेच्या दाबाच्या सुमारे चाळीसपट दाब हवा. विहिरीतून वर येताना हा दाब उतरतो आणि पाण्याचा काही भाग, साधारण पाचवा हिस्सा, आपोआप वाफ होऊन जातो. ही वाफ वेगळी काढून टर्बाइनकडे नेतात आणि उरलेले पाणी दुसऱ्या विहिरीतून पुन्हा जमिनीत सोडतात. पाणी उकळण्यासाठी इंधन लागत नाही, केवळ दाब उतरणे पुरते. एक मेगावॉट विजेसाठी ताशी साधारण सात-आठ टन वाफ लागते. या हिशेबाने पन्नास मेगावॉटच्या केंद्राला किती वाफ आणि त्यासाठी किती विहिरी लागतील, याची कल्पना यावी.

पाणी १५० अंशांच्या आसपास किंवा त्याहून कमी तापलेले असेल, तर त्याची उष्णता आयसोपेंटेनसारख्या कमी तापमानाला उकळणाऱ्या द्रवाला देतात, त्या द्रवाची वाफ टर्बाइन फिरवते आणि थंड होऊन पुन्हा त्याच चक्रात येते. जमिनीतील पाणी नळीबाहेर पडतच नाही. अलास्कातील चेना येथे २००६ पासून केवळ ७४ अंशांच्या पाण्यावर असे एक लहान केंद्र चालते.

प्रश्न : या केंद्रांची कार्यक्षमता दहा-बारा टक्केच असते, असे वाचले. औष्णिक केंद्र चाळीस टक्क्यांच्या आसपास असते. मग याला भरवशाची वीज का म्हणावे? (निवृत्त अभियंता)

आपले आकडे योग्य आहेत. परंतु कार्यक्षमता आणि भरवसा हे वेगवेगळे प्रश्न आहेत. कार्यक्षमता कमी असण्याचे कारण यंत्रांच्या दोषात नसून तापमानात आहे. १५० अंशांचा स्रोत आणि ३० अंशांचा परिसर असेल तर उष्मागतिकीच्या नियमानुसार आदर्श यंत्रालाही सुमारे २८ टक्क्यांपलीकडे जाता येत नाही. प्रत्यक्ष यंत्र त्याच्या निम्म्यापेक्षाही खाली राहते. कोळशाच्या केंद्रात वाया गेलेली उष्णता म्हणजे वाया गेलेले इंधन असते. येथे ती पुष्कळशी गरम पाण्याच्या रूपात परत जमिनीत जाते किंवा घरे उबदार ठेवायला वापरता येते. आइसलंडमध्ये सुमारे नव्वद टक्के घरे अशाच पाण्याने उबदार राहतात.

भरवशाविषयी म्हणायचे तर, चांगले चालवलेले केंद्र वर्षभरात आपल्या पूर्ण क्षमतेच्या ऐंशी टक्के किंवा त्याहूनही अधिक वीज देते. सौरऊर्जेचे हेच प्रमाण बहुधा पंधरा ते पंचवीस टक्क्यांच्या दरम्यान असते. रात्र, ढग, वाऱ्याचा पडलेला वेग यांचा भूऔष्णिक केंद्रावर परिणाम होत नाही. एक अपवाद सांगायला हवा. हवेने थंड होणाऱ्या, आयसोपेंटेनसारखा दुय्यम द्रव वापरणाऱ्या केंद्रांची निर्मिती भर उन्हाळ्याच्या दुपारी लक्षणीय घटते, आणि नेमकी त्याच वेळी विजेची मागणी वाढलेली असू शकते. केंद्राची रचना करताना ही गोष्ट हिशेबात धरली नाही, तर कागदावरची क्षमता प्रत्यक्षात मिळत नाही.

प्रश्न : पृथ्वीच्या पोटातील उष्णता अक्षय आहे, मग काही केंद्रांची वीज कमी का होत गेली? ही ऊर्जा खरोखर पुनर्नवीकरणीय आहे का?

या महिन्यातील हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न असे मी समजतो, म्हणून उत्तर थोडे विस्ताराने देतो.

आधी एक हिशेब करू. खंडांच्या एका चौरस किलोमीटर पृष्ठभागातून आतली उष्णता सरासरी ६५ किलोवॉट या वेगाने बाहेर येते. तिचा दहावा हिस्सा विजेत बदलला, तर साडेसहा किलोवॉट होतात. एवढ्यावर कोणतेही केंद्र चालणार नाही. आता दुसरी बाजू पाहू. एक घन किलोमीटर तापलेला खडक केवळ वीस अंशांनी थंड झाला, तर त्यातून निघालेल्या उष्णतेच्या दहाव्या हिश्शाची वीज करून सुमारे पाच मेगावॉटचे केंद्र तीस वर्षे चालवता येते. याचा अर्थ असा की, भूऔष्णिक केंद्र हजारो वर्षांत साठलेली पुंजी खर्च करते. तिच्यावर मिळणारे व्याज त्या मानाने फार थोडे असते. भूऔष्णिक क्षेत्रात खालून येणारे गरम पाणी हे व्याज पुष्कळ वाढवते, परंतु सामान्यतः तेही उपशाच्या बरोबरीने नसते. पुंजी मोठी आहे यात शंका नाही, पण तिला तळ नाही असे मानून उपसा केला की काय होते, याची उदाहरणे नोंदलेली आहेत.

कॅलिफोर्नियातील ‘द गीझर्स’ हे जगातील सर्वांत मोठे भूऔष्णिक क्षेत्र आहे. तेथे १९६० मध्ये ११ मेगावॉटच्या पहिल्या संचाने सुरुवात झाली. पुढे एकाच भूगर्भीय साठ्यावर अनेक कंपन्यांनी शेजारी-शेजारी केंद्रे उभारली आणि १९८० च्या दशकात ती झपाट्याने वाढवली. १९८७ मध्ये निर्मितीने उच्चांक गाठला आणि त्यानंतर वाफेचा दाब खचू लागला. खडक पूर्वीइतकाच तापलेला होता, संपत होते ते पाणी. वापरलेली वाफ थंड करणाऱ्या मनोऱ्यांतून बरेचसे पाणी वाफ होऊन हवेत जात होते आणि जमिनीत परत जाणारा वाटा तुटपुंजा होता. अखेर १९९७ पासून लेक काउंटीचे आणि २००३ पासून सांता रोझा शहराचे प्रक्रिया केलेले सांडपाणी मैलोगणती लांब नळांतून आणून तेथील विहिरींत सोडले जाऊ लागले. घसरण मंदावली आणि क्षेत्र आजही मोठ्या प्रमाणावर वीज देत आहे. एका शहराला नकोसे झालेले पाणी दुसरीकडे वीजनिर्मितीला उपयोगी पडले, याचे मला विशेष अप्रूप वाटते.

न्यूझीलंडमधील वैराकेई येथे नुकसान वेगळ्या स्वरूपाचे झाले. गरम पाण्याच्या साठ्यावर चालणारे हे पहिले मोठे केंद्र १९५८ मध्ये सुरू झाले. वापरलेले पाणी जमिनीत परत न सोडता अनेक दशके नदीत सोडले गेले. त्यामुळे भूगर्भातील दाब घटला, एका ठिकाणी जमीन सुमारे पंधरा मीटर खचली आणि जवळच्या दरीतील प्रसिद्ध उष्ण फवारे बंद पडले. केंद्राची वीजनिर्मिती मात्र दीर्घकाळ व्यवस्थित चालू राहिली. म्हणजे केवळ मीटरवरचे आकडे पाहून क्षेत्राची प्रकृती कळत नाही. जपानमध्ये उष्णोदकाच्या स्नानगृहांचे मालक नव्या केंद्रांना विरोध करतात, तेव्हा त्या विरोधाला निव्वळ अज्ञान म्हणून बाजूला सारता येत नाही. झऱ्यांची पातळी, तापमान आणि प्रवाह यांची केंद्र सुरू होण्यापूर्वीपासूनची मोजमापे लोकांसमोर ठेवणे हेच त्यावरचे योग्य उत्तर आहे.

तेव्हा आपल्या प्रश्नाचे उत्तर असे : उपसा बेताचा ठेवला, लहान संचांपासून सुरुवात करून साठ्याचा दाब व तापमान वर्षानुवर्षे मोजत पुढील संच वाढवले आणि वापरलेले पाणी परत दिले, तर ही ऊर्जा पिढ्यान्‌पिढ्या टिकते. पाणी परत देण्यातही कौशल्य आहे. परतीची विहीर उपसा विहिरीच्या फार जवळ असेल, तर थंड पाणी भेगांतून लवकर पोहोचते आणि वर येणारे पाणी निवू लागते. फार दूर असेल, तर दाबाला आधार मिळत नाही. योग्य अंतर ठरवण्यासाठी पाण्यात निरुपद्रवी शोधद्रव्य मिसळून ते किती दिवसांनी आणि कोणत्या विहिरीतून बाहेर पडते, ते तपासतात.

प्रश्न : या केंद्रांजवळ सडक्या अंड्यांसारखा वास येतो, असे एका नातेवाइकांनी सांगितले. मग ती स्वच्छ कशी?

तो वास हायड्रोजन सल्फाइडचा असतो. जमिनीखालच्या पाण्यात तो वायू विरघळलेला असतो आणि अधिक प्रमाणात तो आरोग्याला घातक असल्याने वेगळा काढून त्याचे गंधक करणे किंवा तो पाण्यासह परत जमिनीत सोडणे आवश्यक असते. वाफेसोबत कार्बन डायऑक्साइडही येतो. सर्व टप्पे धरून भूऔष्णिक विजेचे कार्बन उत्सर्जन दर युनिटला साधारण ३८ ग्रॅम आणि कोळशाच्या विजेचे ८२० ग्रॅम, असा मध्यम अंदाज हवामानविषयक आंतरशासकीय मंडळाने २०१४ मध्ये दिला होता. परंतु मध्यम आकडा सर्व क्षेत्रांना लागू पडत नाही. पश्चिम तुर्कस्तानात खाली संगमरवरासारखे, कार्बन डायऑक्साइडचा स्रोत असलेले कार्बोनेटी खडक आहेत; तेथील काही क्षेत्रांचे सुरुवातीचे उत्सर्जन कोळशाच्या जवळ जाणारे होते. म्हणून ‘भूऔष्णिक म्हणजे स्वच्छ’ असे सरसकट न म्हणता त्या क्षेत्राच्या वायूंचे विश्लेषण मागावे.

यावर आइसलंडमध्ये झालेले काम मला फार आशादायक वाटते. ३०३ मेगावॉट क्षमतेच्या हेल्लिसहेइदी केंद्राजवळ ‘कार्बफिक्स’ प्रकल्पात कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळवून बेसॉल्ट खडकात सोडण्यात आला. बेसॉल्टमधील कॅल्शियम व मॅग्नेशियम यांच्याशी संयोग होऊन त्याचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग दोन वर्षांच्या आत घन खनिज होऊन बसला, असे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. याला शेकडो वर्षे लागतील, असा आधीचा समज होता.

पाण्यातील आर्सेनिक, बोरॉन आणि क्षार हा आणखी एक मुद्दा आहे. ते पाणी ओढ्यात किंवा नदीत जाता कामा नये. परतीच्या विहिरी केवळ साठ्याच्या नव्हे, तर भोवतालच्या शेतीच्या आणि पिण्याच्या पाण्याच्या रक्षणासाठीही हव्यात.

प्रश्न : जमिनीत दाबाने पाणी सोडल्यामुळे भूकंप होतात, हे खरे आहे का?

लहान कंपने होतात आणि क्वचित मोठेही धक्के बसले आहेत. नैसर्गिक भेगा असलेल्या क्षेत्रांत बहुतेक कंपने माणसाला जाणवतही नाहीत. धोका वाढतो तो कोरड्या, घट्ट खडकात जोरकस दाबाने पाणी सोडून भेगा उघडताना. स्वित्झर्लंडमधील बाझेल शहराखाली डिसेंबर २००६ मध्ये असे काम चालू असता ३.४ तीव्रतेचा धक्का बसला, घरांना तडे गेले आणि २००९ मध्ये प्रकल्प रद्द झाला. दक्षिण कोरियातील पोहांग येथे १५ नोव्हेंबर २०१७ रोजी ५.४ तीव्रतेचा भूकंप झाला, अनेक माणसे जखमी झाली आणि शेकडो कुटुंबांना घरे सोडावी लागली. भूऔष्णिक प्रकल्पात सोडलेल्या पाण्यामुळे तो भूकंप ओढवला, असा निष्कर्ष सरकारने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने २०१९ मध्ये काढला.

पोहांगच्या बाबतीत मला सर्वांत गंभीर वाटते ती गोष्ट अशी, की मोठ्या धक्क्याच्या आधी, त्याच वर्षी एप्रिलमध्ये तेथे तीनहून अधिक तीव्रतेचा एक धक्का बसला होता आणि तरीही काही महिन्यांनी पाणी सोडणे पुन्हा सुरू झाले. ठरावीक तीव्रता ओलांडली की दाब कमी करायचा किंवा काम थांबवायचे, असा सिग्नलच्या दिव्यांसारखा नियम आता अशा प्रकल्पांत पाळतात. परंतु हा नियम वापरताना जवळून मोठा प्रस्तरभंग, म्हणजे जिच्यावरून खडक सरकतात अशी भेग, जातो का, याचा शोध आधी घ्यायला हवा, आणि दाट वस्तीखाली असे प्रयोग करूच नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : ज्वालामुखीजवळ केंद्र बांधणे धोक्याचे नाही का?

धोका आहे, पण तो बहुधा आटोक्यात ठेवता येतो. हवाईमधील पुना केंद्र २०१८ मध्ये किलाउएआच्या उद्रेकात बंद करावे लागले, काही विहिरी लाव्ह्याखाली गेल्या, आणि २०२० च्या अखेरीस ते पुन्हा सुरू झाले.

प्रश्न : इंधन फुकट असूनही ही केंद्रे इतकी थोडी का? आता ‘कोठेही’ भूऔष्णिक वीज मिळू शकेल, असे म्हणतात. ते कितपत खरे?

अडचण पहिल्या विहिरीची आहे. सौर प्रकल्पात ऊन किती पडते हे आधीच माहीत असते. येथे दोन-तीन किलोमीटर खोल वेधन केल्यावरच खाली काय आहे ते निश्चित कळते, आणि प्रकल्पाच्या एकूण खर्चाचा मोठा वाटा वेधनावरच जातो. विहीर कोरडी निघाली, पाणी अपेक्षेपेक्षा थंड निघाले किंवा भेगा पुरेशा नसल्या, तर तो खर्च बुडतो. एवढी जोखीम घेऊन बँका कर्ज देत नाहीत. ज्या देशांनी या क्षेत्रात प्रगती केली, तेथे ही जोखीम बहुधा सार्वजनिक पैशाने उचलली आहे. आइसलंडमध्ये सरकारी निधीतून वेधनासाठी कर्ज मिळे आणि विहीर अयशस्वी ठरली तर ते माफ होई. केनियाने ओलकारिया येथे १९८१ मध्ये १५ मेगावॉटने सुरुवात केली आणि २००८ मध्ये वेधनासाठी स्वतंत्र सरकारी कंपनी स्थापन केली. ही कंपनी विहिरी खोदून वाफ तयार ठेवते आणि वीजनिर्मिती करणाऱ्यांना ती विकते. आज केनियाची चाळीस टक्क्यांहून अधिक वीज भूऔष्णिक आहे. श्रीमंत देशांनी या उदाहरणाकडे अधिक लक्ष द्यायला हवे होते, असे मला मनापासून वाटते.

‘कोठेही’ या शब्दाबद्दल सावधगिरी बाळगावी. पाणी आणि भेगा नसलेल्या तप्त खडकात कृत्रिम भेगा पाडून पाणी फिरवण्याची कल्पना १९७० च्या दशकात न्यू मेक्सिकोतील फेन्टन हिल येथे प्रथम तपासली गेली. तेव्हापासून अडथळा एकच होता, तो म्हणजे दोन विहिरींमध्ये पुरेसे पाणी वाहत नसे. अलीकडे तेल आणि वायू उद्योगातील आडव्या वेधनाचे तंत्र येथे आणल्यामुळे स्थिती बदलली आहे. २०२३ मध्ये फर्वो या कंपनीने नेवाडामध्ये दोन आडव्या विहिरींमधून तीस दिवसांची चाचणी घेतली आणि साडेतीन मेगावॉट विजेला पुरेल इतका प्रवाह दाखवून दिला. ही चाचणी महत्त्वाची आहे, परंतु प्रवाह मिळणे आणि तापमान टिकणे या वेगळ्या कसोट्या आहेत. पाणी सर्व भेगांतून सारखे न जाता एखाद्याच रुंद भेगेतून धावू लागले, तर तेवढाच खडक लवकर निवतो आणि बाकीचा तप्त खडक अस्पर्श राहतो. असे होते की नाही, हे तीस दिवसांत दिसत नाही. त्यासाठी खडकातून वर येणाऱ्या पाण्याचे तापमान पाच-दहा वर्षे नोंदत राहावे लागते.